बेचाळीसच्या दोघी

१४ एप्रिल १९४४. शुक्रवारची दुपार. मुंबई बंदरातल्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं मालवाहू जहाज धुमसत होतं. इंग्लंडहून निघून कराचीमार्गे दोन दिवसांपूर्वीच ते इथे लागलं होतं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि स्फोटकं, त्यांच्याच शेजारी कापसाच्या गाठी, तेलाची पिंपं, लाकूड, शिवाय सोन्याच्या विटा. स्फोटकं वाहणाऱ्या जहाजाने डोलकाठीवर लाल बावटा लावायचा असतो, तो लावलेला नव्हता. दोनच्या सुमारास धूर दिसला. अग्निशमन दलाचे जवान पाण्याचे झोत मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि चार चौतीसला दुसरा, पहिल्याहून मोठा. सिमल्याच्या वेधशाळेतल्या भूकंपमापकाने त्याची नोंद केली.

व्हिक्टोरिया गोदीपासून रे रोड स्टेशन उत्तरेला अडीच-तीन किलोमीटरवर आहे. १९१० साली हार्बर मार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला तो कुर्ला ते रे रोड असा, म्हणजे तेव्हा गाडी इथेच संपायची. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड रे याचं नाव रस्त्याला आणि स्टेशनला मिळालं. पण हा भाग उभा केला तो बंदरावर काम करणाऱ्या माणसांनी: हमाल, खलाशी, वखारींतले कामगार, रेल्वेचे गँगमन, लोखंड कापणारे. आजही स्टेशनाबाहेर पडलं की पोलादी पत्र्यांच्या कडांवर ऊन चमकत असतं, लाकडाच्या वखारींचा वास येतो आणि पूर्वेला दारूखान्याच्या किनाऱ्यावर जुनी जहाजं तोडली जातात. ‘विक्रांत’ ही आपली पहिली विमानवाहू नौका २०१४ मध्ये इथेच तोडायला आली. बंदरात काही घडलं की त्याची झळ आधी या वस्तीला लागते. त्या शुक्रवारीही लागली. आठशे ते तेराशे माणसं गेल्याचे वेगवेगळे अंदाज आहेत. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. सुमारे ऐंशी हजार माणसं बेघर झाली.

आणि या सगळ्याची तपशीलवार बातमी जगाला पहिल्यांदा कुणी दिली? सायगाव रेडिओने, म्हणजे जपान्यांच्या ताब्यातल्या केंद्राने, दुसऱ्याच दिवशी. ज्या शहरात हे घडलं तिथल्या वार्ताहरांना वृत्तांत बाहेर पाठवायची परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. खिडक्यांच्या काचा बारा किलोमीटरवर फुटल्या होत्या, आकाश रात्रभर तांबडं होतं, गल्लीगल्लीतून माणसं आपली माणसं शोधत फिरत होती, पण सरकारच्या लेखी त्या बातमीला महिनाभर तोंड उघडायला बंदी होती. शत्रूला कळू नये म्हणून ती बंदी आणि शत्रूच ती बातमी सांगत होता.

या महिन्याभराच्या मौनाबद्दल वाचताना मला सारखं वाटत राहतं, की त्याच्या दोन वर्षं आधी या शहरात एक रेडिओ असा होता की जो गप्प बसला नसता. त्यावर बोलणारी मुलगी एप्रिल १९४४ मध्ये शिक्षा भोगत होती. याच शहरात शिकलेली दुसरी एक मराठी बाई त्या वेळी लंडनमध्ये होती आणि ती बीबीसीची निवेदिका झाली होती. दोघी विल्सन कॉलेजच्या. दोघींनी पुढे पुस्तकं आणि लेख लिहिले. १९४२ साली दोघी मायक्रोफोनसमोर होत्या, पण त्या मायक्रोफोनांच्या तारा विरुद्ध दिशांना जात होत्या. उषा मेहता आणि वेणू चितळे. पहिलीचं नाव अधूनमधून निघतं. दुसरीचं मराठी वाचकांना बहुधा नवं वाटेल, आणि तेच मला लागतं.

उषाबेनचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतेजवळच्या सरस गावचा. वडील इंग्रज सरकारच्या नोकरीत न्यायाधीश. गांधीजींना तिने पाहिलं ते पाचव्या वर्षी. आठव्या वर्षी सायमन कमिशनविरुद्धच्या मिरवणुकीत ती घोषणा देत होती. त्या काळातली एक हकीकत ती पुढे सांगत असे. मुलांच्या प्रभातफेरीत पोलिसांच्या लाठीने झेंडा धरणारी मुलगी पडली आणि झेंडाही पडला. मग मुलांनी ठरवलं की झेंडा हातात धरायचाच नाही, अंगावर घालायचा. केशरी, पांढऱ्या, हिरव्या कपड्यांतली मुलं रांगेने निघाली. पाडायचं तर आता मुलालाच पाडावं लागणार होतं. वडील निवृत्त झाल्यावर कुटुंब मुंबईला आलं आणि चौपाटीच्या विल्सन कॉलेजातून ती १९३९ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाली.

८ ऑगस्ट १९४२ ची गोवालिया टँकवरची सभा, रात्री उशिराचं गांधीजींचं भाषण, पहाटेच्या अटका, दुसऱ्या दिवशी अरुणा असफ अलींनी फडकवलेला झेंडा, हे सगळं आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत आहे. पुढच्या आठवड्यात काय झालं ते कमी माहीत आहे. पुढारी तुरुंगात होते. छापखान्यांवर आणि वर्तमानपत्रांवर बंधनं होती. देशाच्या एका कोपऱ्यात काय चाललंय ते दुसऱ्या कोपऱ्याला कळायचा मार्ग उरला नव्हता. अशा वेळी बावीस वर्षांची ही विद्यार्थिनी आणि तिचे सहकारी बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी यांनी ठरवलं, आपला रेडिओ काढायचा.

ठरवणं सोपं होतं. युद्ध सुरू होताच हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द झाले होते आणि यंत्रं जमा करायचा हुकूम निघाला होता. नरिमन प्रिंटर हा इंग्लंडात रेडिओतंत्र शिकून आलेला माणूस, त्याने सुटे भाग जुळवून प्रक्षेपक उभा केला. काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिवर्धक पुरवणाऱ्या ‘शिकागो रेडिओ’चे नानक मोटवानी यांनी सामान आणि तंत्रज्ञ दिले. भूमिगत झालेले राममनोहर लोहिया आणि अहमदनगरचे अच्युतराव पटवर्धन यांचं मार्गदर्शन आणि लेखन मिळालं. २७ ऑगस्टला पहिलं प्रक्षेपण झालं, ४२.३४ मीटरवर. लघुलहरींचा हा पट्टा हौशी मंडळींच्या सरावाचा, थोड्या शक्तीत दूरवर पोहोचणारा. सुरुवातीला ‘हिंदोस्ताँ हमारा’ची तबकडी लागे, मग उषाबेनचा आवाज सांगे की हिंदुस्थानातून कुठूनतरी काँग्रेस रेडिओ बोलतोय, आणि शेवट ‘वंदे मातरम्’ने होई. आधी सकाळ-संध्याकाळ, पुढे फक्त संध्याकाळी साडेसात ते साडेआठ. भाषा दोन, हिंदुस्थानी आणि इंग्रजी.

ही यंत्रणा चालवणं म्हणजे रोजचं बिऱ्हाड हलवणं होतं. लहरींचा माग काढणारी गाडी घेऊन पोलीस शहरभर फिरत. एका जागी फार दिवस थांबलं की ते जवळ येत. म्हणून चौपाटीवरच्या ‘सी व्ह्यू’ इमारतीतून निघून लॅबर्नम रोडवरचा ‘अजित व्हिला’, सँडहर्स्ट रोडवरचं ‘लक्ष्मी भुवन’, वाळकेश्वरचा ‘रतन महाल’, गिरगावात व्ही. पी. रोडवरची ‘पारेखवाडी’, महालक्ष्मीचा ‘पॅरडाइज बंगला’ अशा जागा घेतल्या गेल्या. पुढे ध्वनिमुद्रण एका ठिकाणी आणि प्रक्षेपण दुसऱ्या ठिकाणी अशी विभागणीही केली. मुंबईच्या रस्त्यांची ज्याला सवय आहे त्याने ही नावं नकाशावर ठेवून पाहावीत. भर वस्तीतल्या या जागा, शेजारी बिऱ्हाडं, खाली दुकानं, जिन्यावर येणारी-जाणारी माणसं. जड पेट्या वर चढवताना, रात्री दारं बंद करून बोलताना कुणाला संशय आला नसेल असं मला वाटत नाही. शेजाऱ्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं असणार. चाळीतला शेजार किती सांभाळून घेऊ शकतो ते गिरगावकरांना सांगायला नको.

काय ऐकवत होता हा रेडिओ? चितगावावर जपान्यांनी केलेल्या बाँबवर्षावाची बातमी त्याने दिली. जमशेदपूरच्या संपाची दिली. बलियातल्या उठावाची दिली. विद्यार्थ्यांशी, कामगारांशी, वकिलांशी, पोलिसांशी आणि सैनिकांशी तो वेगवेगळा बोलत होता. आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आष्टी आणि चिमूर. १६ ऑगस्ट १९४२ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या चिमुरात जमाव आणि पोलीस यांच्यात रक्तपात झाला, दोन्हीकडची माणसं मेली. त्यानंतर चिमुरात शिरलेल्या फौजेने तिथल्या बायकांवर जे अत्याचार केले ते सरकारला कुणाच्याही कानावर जाऊ द्यायचे नव्हते. चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक जयकृष्ण भन्साळींनी ६३ दिवस उपवास केला, तर त्या उपवासाच्या बातमीवरही बंदी आली आणि निषेध म्हणून जानेवारी १९४३ मध्ये देशातल्या वर्तमानपत्रांनी एक दिवस अंक काढला नाही. या सगळ्याच्या आधीच चिमूरची हकीकत काँग्रेस रेडिओवरून गेली होती. विदर्भातल्या खेड्यातल्या बायकांचं दुःख मुंबईच्या बंद खोलीतून एक तरुण मुलगी देशाला सांगत होती. निवेदकाचं काम याहून मोठं काय असू शकतं?

तेव्हा घरोघरी रेडिओ नव्हते. मुंबईत नियमित प्रक्षेपण १९२७ पासून होतं खरं, पण संच महाग, त्यावर सरकारी परवाना, आणि रे रोड-परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत तो येणार कुठून. म्हणजे ऐकणारे मोजकेच असणार. पण त्यांनी ऐकलेलं दुसऱ्या दिवशी गिरणीत, गोदीत, लोकलच्या डब्यात तोंडोतोंडी फिरत असणार. श्रोत्यांची संख्या मोजून या रेडिओची थोरवी ठरवणारे लोक भेटतात. मला ती मोजणी चुकीची वाटते. सरकारने त्यामागे किती पोलीस लावले, त्याचा शब्द न् शब्द कसा टिपून घेतला, हे पाहिलं की त्याची धास्ती कळते. आज त्या प्रक्षेपणांचा मजकूर आपल्याला वाचायला मिळतो तोही या टिपणांमुळेच. खटल्यात पुरावा म्हणून ती ठेवली गेली आणि जपली गेली. त्यावर आधारलेलं उषा ठक्कर यांचं पुस्तक २०२१ मध्ये आलं, आणि ज्यांना हा विषय नीट समजून घ्यायचा आहे त्यांनी ते वाचावंच.

१२ नोव्हेंबर १९४२ ला शेवट झाला. प्रक्षेपक बांधणारा तंत्रज्ञ आधी पोलिसांच्या हाती लागला होता आणि त्याने जागा दाखवल्या. दिवसा धाडी सुरू झाल्या तेव्हा उषाबेन बाबूभाईंच्या कचेरीत होती. तिथून ती कागदपत्रं आणि काँग्रेस अधिवेशनाच्या चित्रफिती घेऊन निसटली. पळून जायला वेळ होता. लोहियांना भेटून तिने पुढचं विचारलं, संध्याकाळचं प्रक्षेपण करायचंच ठरलं, आणि ती पारेखवाडीत गेली. ‘वंदे मातरम्’ची तबकडी चालू असताना दारावर घाव पडले. तीन दारं फोडून पोलीस आत आले. गाणं थांबवा म्हणाले. तिने थांबवलं नाही.

त्या संध्याकाळी तिला माहीत होतं की आपण पकडले जाणार. तरीही ती गेली, कारण कार्यक्रमाची वेळ ठरलेली होती आणि ऐकणारे थांबलेले असणार होते. पुढे ती म्हणत असे की काँग्रेस रेडिओचे ते दिवस तिच्या आयुष्यातले सर्वोत्तम, आणि आपल्यातल्याच माणसाने जागा दाखवली ही गोष्ट सर्वांत दुःखाची. तंत्रज्ञावर कोणत्या प्रकारचा दबाव आला असेल हे आपण आज खोलीत बसून ठरवू नये. त्याने तो प्रक्षेपक बांधला नसता तर हा रेडिओच नसता, हेही तितकंच खरं.

सहा महिने चौकशी. एकांतवास. परदेशात शिकायला पाठवू, अशी आमिषंही दाखवली गेली. विशेष न्यायालयात खटला उभा राहिला तेव्हा तिने न्यायाधीशांना विचारलं की मला उत्तरं देणं बंधनकारक आहे का. नाही, असं कळल्यावर तिने स्वतःच्या बचावाचाही एक शब्द उच्चारला नाही. जिचा आवाज देशभर जात होता तिने न्यायालयात मौन धरलं, कारण बोलली असती तर दुसऱ्या कुणाची तरी नावं बाहेर पडली असती. तिला चार वर्षं, बाबूभाईंना पाच, चंद्रकांत झवेरींना एक. मोटवानी आणि विठ्ठलदास झवेरी सुटले. येरवड्यात तिची प्रकृती ढासळली, उपचारांसाठी तिला मुंबईला सर जे. जे. रुग्णालयात आणलं गेलं, खाटेभोवती पोलिसांचा पहारा, आणि बरं वाटताच परत येरवडा. सुटका १९४६ मध्ये.

आता लंडनकडे.

वेणू दत्तात्रेय चितळे १९१२ सालची, कोल्हापूरकडच्या शिरोळची. आईवडील लवकर गेले. शाळा पुण्यातली हुजूरपागा, मग मुंबईत गावदेवीचं सेंट कोलंबा, मग विल्सन. सेंट कोलंबातल्या शिक्षिका क्विंटा द्यु प्रीझ या दक्षिण आफ्रिकेच्या, त्यांचा वेणूवर जीव जडला. १९३४ मध्ये त्यांच्यासोबत ती इंग्लंडला गेली आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकू लागली. बाविसाव्या वर्षी बोटीने समुद्र ओलांडणारी, मागे आईबापांचं घर नसलेली ही ब्राह्मण मुलगी. त्या काळात बायकांच्या शिक्षणासाठी पुण्या-मुंबईत किती माणसांनी किती वर्षं खस्ता खाल्ल्या, त्याचं एक फळ मला तिच्या प्रवासात दिसतं.

युद्ध सुरू झालं आणि १९४० मध्ये बीबीसीने तिला घेतलं. लंडनवर रात्रीमागून रात्री बाँब पडत होते. ऑक्टोबर १९४० मध्ये खुद्द ब्रॉडकास्टिंग हाउसमध्ये बाँब फुटला, सात माणसं गेली, आणि बातम्या वाचणाऱ्या ब्रूस बेल्फ्रेजने वाचन थांबवलं नाही. अशा शहरात ही मराठी बाई नोकरीला जात होती. शिधावाटपाच्या त्या दिवसांत मांसाशिवाय, मसाल्यांनी चव आणून कसं रांधायचं हे तिने इंग्रज गृहिणींना रेडिओवरून सांगितलं. हिंदुस्थानातल्या श्रोत्यांसाठीच्या ‘थ्रू ईस्टर्न आइज’ या मालिकेत ती बोलली.

ऑगस्ट १९४१ मध्ये ईस्टर्न सर्व्हिसमध्ये एरिक ब्लेअर नावाचा उंच, किडकिडीत, सतत खोकणारा माणूस दाखल झाला. बिहारातल्या मोतिहारीत जन्मलेला, ब्रह्मदेशात पोलिसी नोकरी केलेला आणि ती सोडलेला. वाचक त्याला जॉर्ज ऑर्वेल म्हणून ओळखतात. वेणूताई त्याच्या हाताखाली साहाय्यक म्हणून काम करू लागल्या. १९४२ अखेरचं एक छायाचित्र सर्वत्र छापलं जातं, ‘व्हॉइस’ या रेडिओवरच्या काव्यमासिकाच्या वेळचं. त्यात टी. एस. इलियट आहेत, मुल्कराज आनंद आहेत, जमैकाच्या ऊना मार्सन, सिलोनचे तंबिमुत्तु, नारायण मेनन, विल्यम एम्प्सन, मागे उभा ऑर्वेल. आणि डाव्या टोकाला बसल्या आहेत वेणू चितळे. इलियटच्या पुस्तकात, ऑर्वेलच्या चरित्रात हे चित्र शेकडो वेळा आलं असेल. आपल्याकडे त्या चित्रातल्या शिरोळच्या बाईंची ओळख करून द्यायला एवढा उशीर का झाला, याचं उत्तर आपल्या वाङ्मयव्यवहाराने द्यायला हवं.

मार्च १९४२ पासून बीबीसीचं मराठी वार्तापत्र सुरू झालं. त्याचा इंग्रजी मजकूर ऑर्वेल लिहायचा, मग त्याचं मराठी व्हायचं. या मराठी कामात वेणूताईंचाही हात होता. म्हणजे ‘अ‍ॅनिमल फार्म’च्या लेखकाचे युद्धावरचे विचार कोल्हापूर-पुण्याच्या मराठीतून हिंदुस्थानकडे येत होते. त्याच वर्षी नेताजींच्या आझाद हिंद रेडिओवरून जर्मनीतूनही मराठीत बातम्या येत होत्या. मुंबई केंद्र तर होतंच. एका भाषेसाठी तीन दिशांनी ओढाताण चालली होती आणि सर्वांना मराठी माणसाचं मन हवं होतं.

पण बीबीसीच्या खोलीत एक गोष्ट अशी होती जी पारेखवाडीत नव्हती. प्रत्येक मजकूर आधी तपासला जाई, त्यावर शिक्का बसे, आणि प्रक्षेपण चालू असताना एक माणूस बटणावर बोट ठेवून बसे. मंजूर मजकुराबाहेर एक वाक्य गेलं तरी आवाज तोडायचा अधिकार त्याला होता. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधी, नेहरू, आझाद पकडले गेल्याची नोंद ऑर्वेलने आपल्या रोजनिशीत अस्वस्थ होऊन केली. मायक्रोफोनसमोरच्या हिंदी माणसांचं काय झालं असेल? नाझी हरलेच पाहिजेत हे त्यांना मनापासून पटलेलं होतं, आणि नाझींशी लढणाऱ्या याच सरकारने त्यांचे पुढारी कोठडीत टाकले होते. मुल्कराज आनंदांनी बीबीसीचं बोलावणं आधी नाकारलं होतं, पुढे स्वीकारलं. वेणूताई कामावर राहिल्या.

त्यांना यासाठी बोल लावणारे मला भेटले आहेत. इंग्रजांची चाकरी केली, एवढ्या एका वाक्यात ते ही बाई निकालात काढतात. मला हे मान्य नाही. त्या वेळी जगात काय पणाला लागलं होतं ते विसरून हा निकाल दिला जातो. शत्रूच्या रेडिओवर बोलणं म्हणजे काय ते पाहायचं तर विल्यम जॉइसचं उदाहरण घ्यावं. आयर्लंडमध्ये गॉलवेला वाढलेला हा माणूस जर्मनीतून ‘लॉर्ड हॉ-हॉ’ या टोपणनावाने इंग्रजांना भेडसावत राहिला आणि जानेवारी १९४६ मध्ये लंडनात फासावर गेला. त्याने आपला आवाज ज्यूंच्या कत्तलीच्या बाजूने वापरला. वेणूताईंनी त्याच कत्तलीच्या विरुद्ध बाजूने वापरला, आणि त्याबरोबरच हिंदी माणूस परक्या श्रोत्यांसमोर स्वतःच्या आवाजात बोलू शकतो हे दाखवून दिलं. बटणावर बोट दुसऱ्याचं होतं, हा तिचा दोष नव्हता. ते बोट तिथे असताना जेवढं खरं सांगता येतं तेवढं सांगत राहणं हेही निवेदकाचं काम आहे, आणि ते कष्टाचं आहे.

तरीही दोन्हींत मी फरक करतो. एप्रिल १९४४ मध्ये मुंबईची गोदी जळत होती तेव्हा बटणावरच्या बोटाची खरी किंमत कळली. ज्या व्यवस्थेत मंजुरीशिवाय आवाज जात नाही तिथे रे रोडच्या हमालाचं मरण महिनाभर बातमी होत नाही. पारेखवाडीतला प्रक्षेपक चालू असता तर ती बातमी संध्याकाळी साडेसातला गेली असती, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

नोव्हेंबर १९४३ मध्ये ऑर्वेलने बीबीसी सोडली. वेणूताई १९४७ मध्ये परतल्या. दिल्लीत निर्वासितांचे लोंढे येत होते, तिथे त्यांनी विजयालक्ष्मी पंडितांबरोबर काम केलं. १९५० मध्ये ‘इन ट्रान्झिट’ ही त्यांची इंग्रजी कादंबरी मुंबईच्या हिंद किताब्ज या संस्थेने काढली, मुल्कराज आनंदांच्या प्रस्तावनेसह. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या पुण्यातल्या एका ब्राह्मण कुटुंबाच्या तीन पिढ्या तिच्यात आहेत. एकत्र कुटुंबाच्या वाड्यात स्वातंत्र्याची चळवळ कशी शिरते, कुणाच्या हातात चरखा येतो, कुणाची शाळा सुटते, बायका उंबऱ्याबाहेर कधी पडतात, हा तिचा विषय. मराठी घराची ही हकीकत मराठी बाईने इंग्रजीत लिहिली, तीही स्वातंत्र्यानंतर लगेच, म्हणून ती इंग्रजीवाल्यांच्या यादीत थोडीशी राहिली आणि आपल्या यादीत आलीच नाही. पुढे लग्न झालं, वेणू चितळेंच्या लीला खरे झाल्या, आणि दुसरी कादंबरी ‘इन्कॉग्निटो’ आली ती थेट १९९३ मध्ये. मधली चाळीस वर्षं संसाराची. १९९५ मध्ये त्या गेल्या. इतक्या मोठ्या खोळंब्यानंतर वयाच्या ऐंशीच्या घरात पुन्हा पुस्तक पुरं करणाऱ्या लेखिकेची जिद्द मला तिच्या लंडनच्या दिवसांइतकीच महत्त्वाची वाटते.

उषाबेनचं पुढचं आयुष्य जवळजवळ सगळं दोन-चार रस्त्यांत गेलं. गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट, मग विल्सन कॉलेजात तीस वर्षं अध्यापन, विद्यापीठात नागरिकशास्त्र आणि राजकारण विभागाचं प्रमुखपद, १९८० मध्ये निवृत्ती. इंग्रजी आणि गुजरातीतून लेख, निबंध, पुस्तकं. मणिभवन आणि गांधी स्मारक निधीचं काम. ज्या लॅबर्नम रोडवरून एकेकाळी चोरून प्रक्षेपण केलं त्याच रस्त्यावरच्या मणिभवनात त्या उघडपणे गांधी शिकवत राहिल्या. खादीची साधी साडी, मोजके कपडे, सत्तेचं कुठलंही पद नाही. स्वातंत्र्यानंतरच्या राजकारणाने त्यांना दुःख दिलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं. दर वर्षी ऑगस्टमध्ये ऑगस्ट क्रांती मैदानावर, म्हणजे जुन्या गोवालिया टँकवर, त्या जात. २००० सालीही गेल्या, अंगात ताप असताना. दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, त्यांचं निधन झालं.

२०२४ मध्ये त्यांच्यावर चित्रपट आला, नव्या पिढीला नाव कळलं, हे चांगलंच झालं. पण चित्रपटात पाठलाग असतो, संगीत असतं. हा रेडिओ रोज रात्री दुसऱ्या दिवसाचा मजकूर लिहून, देशभरातून निरोप्यांनी आणलेल्या चिठ्ठ्या पडताळून, भाषांतर करून, वेळेवर बोलून चालवावा लागला, ही संपादकीय मेहनत चित्रपटात मावत नाही. बातमी खरी आहे की नाही हे पाहण्याची शिस्त त्या बावीस वर्षांच्या मुलीने पाळली. आज हातातल्या फोनवरून कुणीही प्रक्षेपण करू शकतो अशा काळात मला त्यांची हीच बाजू सर्वांत मोठी वाटते.

गोदीत गेलेल्या जवानांचं स्मारक भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात आहे, आणि १४ एप्रिलपासूनचा आठवडा देशभर अग्निशमन सप्ताह म्हणून पाळला जातो. हमालांची, वखारवाल्यांची, बायकामुलांची आठवण मात्र घराघरांतच राहिली आणि ती सांगणारी माणसं आता नव्वदीच्या पुढे आहेत. रे रोड, माझगाव, मस्जिद, डोंगरी, लालबाग या भागात ज्यांच्या घरी असे आजी-आजोबा असतील त्यांना माझी विनंती आहे. त्या शुक्रवारी दुपारी तुम्ही कुठे होता, बेचाळीसच्या पावसाळ्यात कुणाच्या घरी जमून काँग्रेस रेडिओ ऐकलात, कुणी कुणाला काय सांगितलं, हे त्यांना विचारा. फोन समोर ठेवा आणि त्यांच्याच आवाजात उतरवून घ्या. नाव, गल्ली, इमारत, तारीख विसरू नका. आणि ते आपल्यापाशीच न ठेवता मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाकडे, विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे किंवा निदान तुमच्या विभागातल्या वाचनालयाकडे द्या. येत्या दिवाळीच्या चार दिवसांत घरातली सगळी माणसं एकत्र असतील. तेव्हाच हे करा.